शहराचा अभ्यास दासगावातून

20 मार्च 2027 ला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतील. मंडप पडतील, भाषणं होतील. त्या सत्याग्रहाचे प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे मात्र समाजशास्त्राच्या वर्गात येतील का, याची मला शंका आहे.

महाड-पोलादपूरच्या ज्या मुलांना नागरी विषमता आणि स्थलांतर शिकायचंय, त्यांचे पहिले गुरू मोरेच. दासगावच्या या मुलाला स्कॉलरशिप मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं जातीमुळे प्रवेश नाकारला, तो त्यानं तक्रारीचं पत्र लिहून मिळवला. पुढे मुंबईत ते कामगार चळवळीत गेले, 1930 मध्ये कम्युनिस्ट झाले. त्यांच्या आठवणी 2019 मध्ये इंग्रजीत आल्या. गावची जात मुंबईत कशी पोचते, हे त्यात दिसतं.

मुंबईत गेलं की जात सुटते, ही समजूत गिरण्यांनी खोटी पाडली. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. पगार तिथेच बरा होता! बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. 1938 मध्ये जी. आर. प्रधानांनी मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवर पुस्तकच लिहिलं. 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागालाही शहर हा विषय नवा नव्हता.

शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांचं वाचू नका, असं मी म्हणत नाही. थॉमस आणि झ्नानिएत्स्की यांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांची पत्रं वाचून स्थलांतराचा मोठा ग्रंथ लिहिला. मग आपल्या चाकरमान्यांची पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या कोण वाचणार? मुंबईतली गावची सामायिक खोली कुणाला मिळायची, कुणाला नाही? 1982 च्या गिरणी संपानंतर कोण गावी परतलं, कोण विरार-नालासोपाऱ्याला सरकलं?

आता तर प्रश्न उलटाही झालाय. महाडच्या एमआयडीसीत उत्तर भारतातून आलेले कामगार राबतात. कालच्या चाकरमान्यांच्या गावात हे आज परके. त्यांना भाड्यानं खोली कोण देतं, कोण देत नाही, एवढं विचारलं तरी प्रबंधाचं पहिलं प्रकरण होईल.

तेव्हा पदवीच्या मुलांनो, शताब्दीच्या मंडपात बसाच. पण त्याआधी आपल्या आळीतल्या निवृत्त गिरणी कामगाराकडे वही घेऊन जा. ती माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि मंडळांच्या वह्या रद्दीत जातायत.