पिस्टनला वारा लागत नाही

रोवणा आटोपून बांध्यांत पाणी स्थिरावले, की भंडारा जिल्ह्यातील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानांपुढे चिखलणीत थकलेल्या यंत्रांची रांग लागते. अशाच एका दुकानात, साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, गेल्या श्रावणात एका वृद्ध मिस्त्रींनी जुन्या एकसिलिंडरी इंजिनातून नुकताच काढलेला पिस्टन माझ्या हातावर ठेवला. लोट्याएवढा, ॲल्युमिनियमचा. माथा काजळीने काळा, हे तर अपेक्षितच होते. परंतु उलटा करून पाहिला तेव्हा माथ्याच्या आतल्या अंगाला करपलेल्या गुळासारखा तपकिरी, चकचकीत लेप बसलेला दिसला, एका बाजूच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, आणि वरची रिंग आपल्या खाचेत अशी रुतली होती की नखाने हलवूनही ती हलेना. ‘‘साहेब, हवा तं पुरते हो,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘ऑइलच तिथवर पोहोचलं नाही.’’

या एका वाक्यात वायुशीत इंजिनाची सारी हकीकत आली. ज्याला आपण हवेने थंड होणारे इंजिन म्हणतो, त्यात हवेचा संबंध येतो तो सिलिंडरच्या बाह्य पात्यांशी, ज्यांना कारागीर फिन्स म्हणतात त्यांच्याशी. आत धगधगत्या वायूंचा मारा सोसणाऱ्या आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीने खालीवर धावणाऱ्या पिस्टनला वारा कधी लागतच नाही. त्याच्या अंगातील उष्णतेला बाहेर पडावयाच्या वाटा अगदी मोजक्या: मोठा हिस्सा रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत उतरतो, काही पिस्टनच्या घेरातून जातो, आणि उरलेली वसुली आतून उडणाऱ्या तेलाने करावयाची असते. पाण्याच्या इंजिनात भिंतीपलीकडे पाणी असल्यामुळे भिंत बहुधा शंभर अंशांच्या आसपास राहते. वायुशीत इंजिनात मात्र ती पावणेदोनशेच्या पुढेही चढते, सबब रिंगांची वाट अरुंद होते आणि तेलावरचा भार वाढतो.

आपल्या जिल्ह्याच्या माजी मालगुजारी तलावांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावयास वेळ लागू नये. कोहळी बांधवांनी पाळ बांधली ती पाणी अडविण्यासाठी. पण सांडवा चोख नसता तर ती पाळ पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेली असती. पिस्टनचेही तसेच आहे. वरच्या रिंगेच्या खाचेचे तापमान सुमारे अडीचशे अंशांच्या आगेमागे गेले, की तेथील तेल करपून चिकट होते, रिंग रुतते, मग भिंतीकडे जाणारी उष्णतेची वाटच बंद पडते, पिस्टन आणखी तापतो आणि आणखी फुगतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या सिलिंडरात ॲल्युमिनियमचा पिस्टन असला, म्हणजे थंड असताना ठकठक वाजणारी सैल जागा तापल्यावर नाहीशी होते, आणि मग ज्याला आपण ‘सीझ झाला’ म्हणतो तो प्रसंग ओढवतो.

भंडाऱ्याची गणना पितळेच्या भांड्यांच्या गावांत होत असल्यामुळे, येथील कासाराला एका जुन्या मोटारीची गोष्ट सांगितली तर त्याला मौज वाटेल. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी शेव्हर्ले गाडीसाठी, बिडाच्या सिलिंडरवर तांब्याच्या पात्या जोडलेले इंजिन तयार केले. तांब्याची उष्णता वाहण्याची शक्ती बिडाच्या सात-आठ पट. तेव्हा हिशेब कागदावर निर्दोष होता. 1923 साली ती गाडी बाजारात आली आणि त्याच वर्षी परत मागविण्यात आली, कारण तापल्यावर इंजिन बेताल होई, वेळेआधी पेट घेई आणि शक्ती गमावी. बाहेरची भिंत कितीही उदार केली तरी आतल्या तापाचा बंदोबस्त तेवढ्याने होत नाही, एवढे त्या फजितीतून मी घेतो. होंडा कंपनीच्या संस्थापकांनीही वायुशीत मोटारीचा हट्ट 1969 च्या होंडा 1300 पर्यंत धरला होता. त्यांच्याच अभियंत्यांनी त्यांना अखेर पाण्याकडे वळविले.

मोटारगाड्यांत या पद्धतीचा खरा संसार मांडला तो फोक्सवॅगनच्या बीटलने. 2003 साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत त्या वळणाच्या 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या झाल्या. या इंजिनात अडीच लिटर तेल आणि तेवढ्यावर सगळा कारभार! तेल थंड करणारा छोटा कूलर पंख्याच्या घरातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर उभा केलेला होता. परिणामी त्या सिलिंडरला मिळे ती कमी आणि आधीच गरम झालेली हवा, आणि झडप जळाली की ती तिसऱ्याचीच, हे बीटलच्या मिस्त्र्यांना पाठ झाले होते. 1971 च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून त्याला स्वतंत्र हवामार्ग दिला, तेव्हा कुठे ही फिर्याद मिटली. त्याच घराण्यातील पोर्शे 911 मध्ये तेलाची वेगळी टाकी होती आणि आत नऊ-दहा लिटर तेल खेळे. शिवाय 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यात पिस्टनच्या पोटावर नेम धरून तेलाची धार सोडणाऱ्या नळ्या आल्या. या नळीच्या तोंडाशी स्प्रिंगची लहानशी झडप असते, आणि तेलाचा दाब ठराविक मर्यादेवर चढल्याखेरीज ती उघडत नाही, कारण इंजिन मंद चालत असताना बेअरिंगांच्या वाट्याचे तेल पिस्टनने पळविले, तर क्रँकशाफ्टच गमवावा लागेल. धार जास्त झाली तर तेल खरडणारी खालची रिंग हतबल होते, आणि गाडी निळा धूर सोडीत तेल खाऊ लागते. पण बेताची धार लाभली तर माथा तीसचाळीस अंशांनी निवतो, आणि खाचेतले तेल करपण्याच्या सीमेवर उभे असेल तर तेवढा फरक जीवनमरणाचा ठरतो.

आपल्या भागात वायुशीत मोटारगाडी क्वचितच दिसली. येथे हे इंजिन आले ते रिक्षेतून, स्कूटरवरून, आणि शेतात आयशरच्या ट्रॅक्टरमधून. बव्हेरियातील आयशर बंधूंच्या परंपरेतले हे ट्रॅक्टर 1959 साली फरीदाबादेत बनू लागले, आणि नंतरचे त्यांचे 242 हे एकसिलिंडरी मॉडेल तर खेडोपाडी ओळखीचे झाले. रेडिएटर नाही, पाण्याची उस्तवार नाही, हे सुख खरेच. पण भंडाऱ्याचा उन्हाळा लक्षात घ्या. भिंत 180 अंशांवर धरली, तर पंचवीस अंशांच्या हवेत तापमानाचा फरक 155 असतो, पंचेचाळीसच्या हवेत 135. म्हणजे सुमारे तेरा टक्के थंडावा गेला, शिवाय तापलेली हवा सहाएक टक्के विरळ झाली ती निराळीच. तेलही शंभर अंशांवर, चाळीस अंशांच्या मानाने, आठनऊ पट पातळ होते. त्यातच मळणीचा कोंडा आणि गळतीचे तेल मिळून पात्यांच्या फटींत असा थर बसतो, की पंखा फिरूनही हवा आत शिरत नाही.

मला सर्वांत राग येतो तो पत्र्याचे आवरण काढून फेकणाऱ्यांचा. इंजिन उघडे असले म्हणजे गार राहते, ही समजूत खरी दिसते तेवढीच खोटी आहे. तो पत्रा पंख्याच्या हवेला हुकूम देऊन प्रत्येक पातीच्या मागच्या बाजूसही हजर करतो. तो गेला की हवा पुढून निसटते, मागची बाजू तापते, सिलिंडर एकीकडून जास्त फुगून वाकडातिकडा होतो आणि रिंगेला भिंतीचा सारखा स्पर्श राहत नाही.

मिस्त्रींनी आता कनेक्टिंग रॉड हातात घेतला होता. त्याच्या खांद्यावर, मोठ्या टोकाजवळ, काडीपेटीतल्या काडीइतके भोक होते. क्रँकच्या प्रत्येक फेरीला क्षणभर तेलवाटेशी जुळून ते भिंतीवर आणि पिस्टनखाली तेल उडविते. ते पूर्ण बुजलेले होते. इंजिनाचा मालक नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि बोअर यांच्या खर्चाचा हिशेब मांडीत होता. त्याला त्यांनी थांबावयास सांगितले, वाइंडिंगमधून उरलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा शोधला, भोक कुरतडून मोकळे केले, रॉकेलने धुतले, आणि बेअरिंगच्या बाजूने पिचकारीतले तेल दाबले. खांद्यावरून आधी एक थेंब आला, मग काळसर गुठळी, आणि तिच्यामागून स्वच्छ सोनेरी धार उडून मालकाच्या पांढऱ्या शर्टावर पडली.