नवा मोबाईल: पडद्याचा लुकलुकाट आणि बॅटरीची तक्रार

आपल्या बाजाराचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. ताका घरी आणला, उलगडला आणि मध्येच डाग, तुटलेली तार किंवा रंगाचा पट्टा निघाला, तर व्यापारी तो मुकाट्याने परत घेतो. पण एकदा कात्री लावली की बोलणे संपले. फिकहमध्ये याच हक्काला खियारे-ऐब म्हणतात. सौद्याच्या वेळी न दिसलेला ऐब मागाहून निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. मात्र ऐब कळल्यावरही तो राजीखुशीने माल वापरीत राहिला तर हा हक्क जातो.

ताका पाहणारी ही नजर मोबाईल घेताना कुठे जाते कोण जाणे. पंधरा-वीस हजारांचा फोन आपण घेतो, काच बसवतो, कव्हर चढवतो आणि डबा माळ्यावर टाकतो. तक्रार सुरू होते ती मुदत संपल्यावर. आणि आता फोन ही काही शौकाची वस्तू राहिलेली नाही. ऑर्डर त्यावर येते, मालाचे फोटो त्यावरून जातात, पैसेही त्यावरच जमा होतात.

माझाच किस्सा सांगतो. नवा फोन घेतला. इशानंतर गादीवर बसून हिशेब पाहू लागलो की पडदा हलका हलका लुकलुके. दुकानदाराशी पाच दिवस हुज्जत घातली. शेवटी भाच्याने फोन हातात घेतला, एक सेटिंग बदलले आणि म्हणाला, "मामू, इस में कुछ नहीं था." खरोखरच लुकलुकणे थांबले. मी खूष झालो आणि गप्प बसलो. पण त्याच फोनची बॅटरी दुपारी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडत असे, तिकडे मी लक्षच दिले नव्हते. मी ते बोलू लागलो तोवर बदलून देण्याची सात दिवसांची मुदत उलटली होती. मग फोन सर्व्हिस सेंटरला गेला आणि ऐन रमजानच्या सीझनमध्ये अकरा दिवस तिथेच राहिला. बॅटरी वॉरंटीत फुकट बदलून मिळाली, पण त्या अकरा दिवसांचा धंदा कोण देणार? जो ऐब नव्हता त्यासाठी मी भांडलो आणि जो होता तो नजरेतून सुटला. म्हणून पहिल्या आठवड्यात काय तपासावे ते येथे सांगत आहे.

पडदा का लुकलुकतो?

हल्ली पडदे मुख्यतः दोन जातीचे येतात. एलसीडी पडद्यात मागे दिवा असतो. ओएलईडी किंवा ॲमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. या दुसऱ्या जातीत उजेड कमी करण्याची एक तऱ्हा अशी आहे की पडदा भराभर बंद-चालू केला जातो. कित्येक फोनांत हे सेकंदाला २४० वेळा होते, काही नव्या फोनांत हजाराहून अधिक वेळा. साध्या डोळ्याला ते कळत नाही, पण काहींचे डोके दुखते, डोळे चुरचुरतात. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. हे पट्टे पाहून पुष्कळ लोक दुकानात धाव घेतात. तो बिघाड नव्हे, घडणच तशी आहे. ज्यांचे डोळे नाजूक आहेत त्यांनी खरेदीच्या वेळीच पडद्याचा उजेड अगदी खाली आणून पाच मिनिटे वाचून पाहावे. फोन घेऊन झाला असेल तर उजेडाची पट्टी निम्म्याच्या वर ठेवून 'एक्स्ट्रा डिम' हे सेटिंग सुरू करावे. बहुतेकांना आराम पडतो.

माझ्या फोनचे कारण वेगळे होते. नव्या फोनचा पडदा सेकंदाला कधी ६० वेळा तर कधी ९० किंवा १२० वेळा नवे चित्र काढतो. बोट फिरले की वेग वाढतो, थांबले की उतरतो, म्हणजे बॅटरी वाचते. अंधारात, उजेड कमी असताना हा वेग बदलला की पडद्याची झाक क्षणभर बदलते आणि तो लुकलुकल्यासारखा वाटतो. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात रिफ्रेश रेट किंवा मोशन स्मूदनेस असे नाव असेल, तिथे एकच वेग कायम ठेवावा. ६० ठेवला तर बॅटरीही वाचेल.

तिसरे कारण दुकानातलेच आहे. आपोआप कमी-जास्त होणारा उजेड, म्हणजे ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस, समोरच्या प्रकाशावर चालतो. डोक्यावर दिवा आणि त्याखाली पंखा फिरत असेल तर पात्यांची सावली पडते आणि फोन गोंधळतो. उजेड मोजणारा डोळा फोनच्या वरच्या बाजूला किंवा पडद्याखाली असतो. त्यावर जाड काच चिकटवली तरी हाच प्रकार होतो. ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस बंद करून तासभर पाहावे. लुकलुकणे थांबले तर फोन निर्दोष आहे.

कापडवाल्यांसाठी येथे एक खास गोष्ट. मालाचा फोटो घेताना कॅमेऱ्यात आडवे पट्टे पळताना दिसतात आणि आपण म्हणतो स्क्रीन खराब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि कॅमेरा ते पकडतो. ऐब दिव्याचा असतो. थान उचलून दाराजवळच्या दिवसाच्या उजेडात आणावे. ते शक्य नसेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. जाता जाता हेही सांगतो: डोळ्यांच्या आरामासाठी पडदा पिवळसर करणारे सेटिंग रात्री आपोआप चालू होते. त्या पडद्यावर शेड पाहून हो म्हणू नये. मोतिया आणि बदामी यांत फरक दिसत नाही आणि मग पार्टीशी वाद होतो. पक्का होकार स्वॉच हातात घेऊनच द्यावा.

चार्जिंगला लावल्यावरच पडदा थरथरत असेल, बोट एका जागी ठेवले तर दुसरीकडे टाइप होत असेल, तर वायर काढून पाहावी. लगेच ठीक झाले तर चार्जर, केबल किंवा बोर्डाची अर्थिंग यांपैकी काहीतरी गडबड आहे. पॉवरलूमच्या भागात विजेचा दाब वर-खाली होतच असतो, त्यात फुटपाथवरचा चार्जर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. चार्जरवर बीआयएसच्या नोंदणीचा 'आर' ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तो पाहूनच घ्यावा.

एवढे करूनही लुकलुकणे राहिले तर दोन परीक्षा कराव्यात. पहिली: लुकलुकत असतानाच फोनच्या आतून स्क्रीन रेकॉर्डिंग करावे आणि ते दुसऱ्या फोनवर पाहावे. रेकॉर्डिंगमध्येही लुकलुकाट दिसला तर दोष ॲपचा किंवा सॉफ्टवेअरचा आहे. रेकॉर्डिंग साफ असेल तर संशय पडद्यावर जातो. दुसरी: सेफ मोड. बंद करण्याचे बटण दाबल्यावर 'पॉवर ऑफ' येते, त्यावर बोट दाबून धरले की बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेफ मोड विचारला जातो. त्यात आपण बाहेरून टाकलेली सर्व ॲप थांबतात आणि फोन बंद करून सुरू केला की परत येतात. सेफ मोडमध्ये पडदा शांत राहिला तर गुन्हेगार त्या ॲपमध्येच आहे. फोन साफ करणारी, निळा प्रकाश रोखणारी, झटपट कर्ज देणारी ॲप आधी काढावीत. (कर्जवाली तर तशीही काढावीत.)

काही मुले डेव्हलपर ऑप्शन्स उघडून त्यात खटपट करतात. तसे करावयाचे असेल तर काम झाल्यावर ते बंद करावे, कारण ते चालू असताना काही बँकांची ॲप उघडतच नाहीत.

खरा बिघाड कोणता? उजेड पूर्ण असतानाही लुकलुकणे, हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ, फोन किंचित दाबला की चित्र जाणे-येणे, एका कोपऱ्यात काळा डाग पसरणे. यांपैकी काही दिसले तर सेटिंग बदलत बसू नये. त्याच दिवशी दुकान गाठावे.

बॅटरीचा हिशेब

पहिल्या तीन-चार दिवसांत बॅटरी लवकर उतरते यात घाबरण्यासारखे काही नाही. जुन्या फोनमधील फोटो, व्हॉट्सॲपचे बॅकअप, अपडेट असे सारे ओझे तेव्हा उतरत असते. नवा फोन प्रथम आठ तास चार्ज करावा ही समजूत जुन्या जातीच्या बॅटऱ्यांची आहे. लिथियमच्या बॅटरीला तिची गरज नाही. तिला खरी भीती उष्णतेची असते. ३५ अंशांवर हवा असताना चार्जिंग टाळावे असे कंपन्या सांगतात, आणि मालेगावच्या मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये मागाच्या चौकटीवर फोन ठेवून चार्ज करणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. कव्हर काढून, सावलीत, वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान चार्जिंग ठेवले तर बॅटरी जास्त टिकते.

पत्र्याच्या शेडचे दुसरे दुखणे सिग्नल. टॉवर नीट मिळत नसला की फोन जोर लावून शोधीत राहतो आणि बॅटरी खातो. जिथे ५जी धड येत नाही तिथे नेटवर्क ४जीवर ठेवावे. डिझाईनच्या दहा ग्रुपांतील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरत असतील तर तेही व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बंद करावे.

बॅटरी वाचवण्याच्या नादात उलटा तोटाही होतो. बॅटरी सेव्हर चालू राहिला की फोन ॲपला झोपवतो, आणि पार्टीने सकाळी विचारलेला भाव आपल्याला दुपारी दिसतो. तोवर माल दुसऱ्याकडून उचललेला असतो. व्हॉट्सॲप आणि पैसे घेण्याचे ॲप यांना बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करावे आणि बाकीच्यांना खुशाल झोपू द्यावे.

आता परीक्षा. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री पूर्ण चार्ज करून एअरप्लेन मोड लावावा आणि सकाळी आकडा पाहावा. दोन-चार टक्के गेले तर ठीक. सेफ मोडमध्ये हेच करूनही पंधरा टक्के गेले तर काहीतरी चुकते आहे. टक्के उड्या मारीत असतील तर एकदा फोन आपोआप बंद होईपर्यंत वापरून सलग शंभरपर्यंत चार्ज करावा. याने बॅटरी सुधारत नाही, तिचे माप मात्र जुळते. त्यानंतरही फोन तीस-चाळीस टक्क्यांवर बंद पडत असेल तर तो ऐब आहे, आणि मी केली ती चूक करू नये. मागची बाजू फुगली किंवा पडदा काठाला उचलला गेला तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे. दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, आग लागते.

बिल आणि मुदत

घेताना बिलावरचा आयएमईआय क्रमांक डब्याशी आणि फोनशी जुळवावा. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की तो दिसतो. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची हे विचारून बिलाच्या मागे लिहून ठेवावे. पुष्कळ कंपन्या फोनला एक वर्षाची आणि डब्यातील चार्जर-केबलला सहा महिन्यांची वॉरंटी देतात. बॅटरी कशात येते ते कार्डावर पाहावे.

बिल कोणाच्या नावाने घ्यावे यात एक पेच आहे. पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेतले तर धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फोनवरील १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते. (कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.) पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही, आणि वाद झाला की समोरचा वकील हेच बिल पुढे करू शकतो. स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्यासाठी जो कारागीर वस्तू स्वतः वापरतो त्याला याच कायद्यात सूट आहे. शिंपी, रफूगर, एक-दोन मागांचा मालक यांनी बिल स्वतःच्या नावाने घेणे मला अधिक बरे वाटते.

लुकलुकण्याचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर तारखेसह काढून ठेवावा, कारण काउंटरवर गेल्यावर फोन हमखास शहाण्यासारखा वागतो. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर नुसते 'डिस्प्ले प्रॉब्लेम' लिहू देऊ नये. 'चाळीस टक्क्यांवर बंद पडतो, सेफ मोडमध्येही' असे आपले शब्द लिहवून घ्यावेत आणि प्रत मागावी. तोवर गल्लीतल्या कारागिराकडून फोन उघडू नये. तो हुशार असेलही, पण उघडलेल्या फोनची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. दुकानदार व कंपनी दोघेही ऐकत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

फोन देण्याआधी सिम व कार्ड काढून घ्यावे, बॅकअप घ्यावा, पैशांच्या ॲपमधून बाहेर पडावे आणि जमल्यास फोन पूर्ण रिकामा करून द्यावा. घरात एखादा जुना फोन चालू स्थितीत ठेवावा. त्यात सिम घालून त्याच दिवशी ऑर्डर घेता येते.