थिबा राजवाडा: थाट राजाचा, पहारा सरकारचा

गगनबावड्याचा करूळ घाट उतरून कोकणात शिरलं की घरांच्या भिंती तांबड्या होतात. हा जांभा. खाणीतून निघताना मऊ, म्हणून चिरा तासायला सोपा. वारा लागला की टणक होतो. याच चिऱ्यात इंग्रज सरकारनं रत्नागिरीत एक तीन मजली घर बांधलं. गाव त्याला थिबा राजवाडा म्हणतं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याआधी १८५८ मध्ये बहादूरशहा जफरची रवानगी रंगूनला झाली होती. बादशहा पूर्वेला, राजा पश्चिमेला. गादीवरचा माणूस आपल्या रयतेपासून तोडायचा, ही सरकारची जुनी रीत.

राजानं चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली. १९१० मध्ये हे घर तयार झालं. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी कोरीवकाम, रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, वर संगमरवरी फरशीचं नाचघर. समोर भाट्याची खाडी आणि समुद्र. एवढं सगळं दिलं, पण फाटकाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागे आणि घरखर्च सरकारी तनख्यावर चाले. या घरात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला.

१९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावरच्या दरवानापासून झालेली तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलली, कागदाची फुलं करून विकली, आणि गावातल्या चारचौघींसारखी इथेच म्हातारी झाली. राजवंशाची ही शाखा वाड्यात टिकली नाही, वस्तीत टिकली.

आज वाड्यात राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले ते राजाच्या समाधीपुढे नमस्कार करायला. खिडक्यांचे फोटो काढून थिबा पॉइंटकडे वळणाऱ्या पर्यटकांनी वाट थोडी वाकडी करून ही समाधीही पाहावी. राजवाडा सरकारनं राजाला काय दिलं ते दाखवतो. काय काढून घेतलं, ते त्या समाधीपाशी समजतं.