झिओलाइट दगडांतील धातु आणि शेतकऱ्याचा युरिया

दख्खनांत विहीर खणतांना काळ्या पाषाणाच्या पोकळींत पांढऱ्या स्फटिकांचे झुबके निघतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांपैकीं पुष्कळ झिओलाइट जातीचे होत. तापविले असतां हे दगड आंतलें पाणी सोडून उकळल्यासारखे दिसतात. म्हणून स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनीं १७५६ सालीं ग्रीक भाषेवरून त्यांस ‘उकळता दगड’ अशा अर्थाचें हें नांव दिलें.

या दगडाच्या अंगांत अतिसूक्ष्म कोठड्या असतात. त्यांत सोडियम, कॅल्शियम इत्यादि धातूंचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, वस्ती करून राहतात. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. तेथील भाषेंत सांगावयाचें तर जमीन कायम, कूळ मात्र बदलूं शकतें. दुसऱ्या धातूच्या क्षाराचें पाणी फिरविलें कीं जुना आयन उठतो व नवा बसतो. मातीचाही हाच धर्म आहे. इंग्लंडांत थॉम्सन नांवाच्या जमीनदारानें मातींतून अमोनियम सल्फेटचें पाणी गाळिलें, तों अमोनिया मातींत राहिला व खालीं जिप्सम उतरलें! रसायनशास्त्रज्ञ वे यांनीं १८५० सालीं या अदलाबदलीची मीमांसा प्रसिद्ध केली.

जसें कूळ तसें पीक. कृत्रिम झिओलाइटांत लँथॅनम बसविला कीं तो कढत वाफेंतही टिकतो आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांत जड तेल फोडून पेट्रोल करतो. तांबें बसविलें कीं तो डिझेलचा धूर निर्विष करण्याच्या कामीं येतो. भारतांत २०२० सालीं धुराचे कडक नियम लागू झाल्यापासून पुष्कळ मालमोटारींत शुद्ध युरियाचें शेंकडा ३२.५ प्रमाणाचें पाणी वापरतात. उष्णतेनें त्यापासून अमोनिया होतो. तांब्याच्या आयनापाशीं अमोनिया व धुरांतील नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड एकत्र येऊन निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी बनतें. या व्यवहारांत तांब्याचा विद्युद्भार एकानें उतरतो. प्राणवायु तो पुन्हां भरून काढतो. तांबें खर्चीं पडत नाहीं.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. घरीं युरियाचें पोतें आहे, मग विकतचें पाणी कशास, असा मोह होणें साहजिक आहे. परंतु खताच्या युरियास निंबतेलाचें लेपन असतें, आणि विहिरीच्या पाण्यांत कॅल्शियम व सोडियम असतात. हे धातु तांब्याची जागा बळकावतात, क्षारांचे थर बसतात, व धूर शुद्ध होईनासा होतो. शिवाय अनुदानाचें खत अन्यत्र वळविणें हा कायद्यानें गुन्हा आहे. दोन पैशांच्या बचतीसाठीं मोलाचें यंत्र गमावूं नये. पोत्यांतला युरिया पिकासच घालावा, हेंच हिताचें.