मोटारसायकल-सफरींचे प्रायोजन

मोटारसायकल-सफरींचे प्रायोजन : दूर पल्ल्याच्या साहसी सफरी आखणाऱ्या संस्थांना वा प्रवाशांना मोटारसायकल-उत्पादकाने आपल्या व्यापारनामाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले साहाय्य. ते रोख रकमेप्रमाणेच वस्तुरूप व सेवारूपही असते. उत्पादक गाड्या सवलतीने वा मुदतीपुरत्या देतो आणि सुटे भाग, कारागीर व प्रशिक्षण यांची सोय करतो. मोबदल्यात सफरीत त्याच्याच गाड्या वापरल्या जातात. खडतर रस्त्यांवर कोणते भाग लवकर झिजतात, हेही त्यास कळते.

२००४ मध्ये यूअन मॅक्‌ग्रेगर व चार्ली बूर्मन या अभिनेत्यांनी लंडनहून पूर्वेकडील मार्गाने न्यूयॉर्कपर्यंत सफर केली. तिच्यासाठी गाड्या देण्यास ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने नकार दिला. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने त्या पुरविल्या. सफरीवरील दूरचित्रवाणी-मालिकेमुळे बीएमडब्ल्यूच्या गाड्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली.

भारतात काही वेळा उत्पादक स्वतःच आयोजक असतो. रॉयल एन्फील्डची हिमालयातील वार्षिक सफर याच प्रकारची होय. पुण्याच्या बजाज ऑटोने २०१८ मध्ये चाकण येथे बनणाऱ्या डॉमिनार गाड्यांवरील आर्क्टिक-अंटार्क्टिका सफर पुरस्कृत केली. तीन चालकांनी ९९ दिवसांत सु. ५१,००० किमी. अंतर कापले.

अशा सफरीचे यश हा गाडीच्या टिकाऊपणाचा निरपेक्ष पुरावा मानता येत नाही. कारण दुरुस्तीची व्यवस्था व प्रसिद्धी बहुतांशी उत्पादकाच्याच हाती असते. एकाच उत्पादकावर विसंबणाऱ्या सफर-संस्थेस करार संपताच गाड्यांचा ताफा बदलावा लागतो. म्हणून कराराची मुदत, विमा व अपघाताची जबाबदारी आधीच लेखी ठरविणे हिताचे असते.