व्यवहारातील इंग्रजी आणि वैद्य

चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व सांगितले आहे. जाणकारांशी चर्चा केल्याने ज्ञान वाढते, संशय फिटतो व वाणीला सामर्थ्य येते, असा त्याचा आशय. आज वैद्याची संभाषा तद्विद्यांपुरती राहिलेली नाही. शल्यचिकित्सक, प्रयोगशाळा, विमा कंपन्या, परप्रांतीय वितरक आणि परदेशी ग्राहक यांच्याशी इंग्रजीतूनच व्यवहार करावा लागतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक वैद्यांना तेथे संकोच वाटतो. वस्तुतः येथे अपेक्षा अलंकारिक इंग्रजीची नसून निःसंदिग्ध इंग्रजीची आहे.

संज्ञांचे भाषांतर

'आम' या संज्ञेसाठी 'टॉक्सिन' लिहिले की समोरचा डॉक्टर साहजिकच विचारतो, कोणते विष आणि ते कोणत्या तपासणीत आढळले? 'अनुपान' म्हणजे 'व्हेइकल' असे लिहिल्यास रुग्ण गोंधळतो. 'कोमट पाण्याबरोबर घ्यावे' एवढेच सोप्या इंग्रजीत सांगावे. मूळ संज्ञा तशीच ठेवून पुढे प्रत्यक्ष लक्षण लिहिणे हा उत्तम मार्ग होय. रक्तपित्ताच्या रुग्णाविषयी 'नाकातून तीन वेळा रक्तस्राव' असे स्पष्ट लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाणित संज्ञांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे. तो संग्रही असावा.

संदर्भपत्र

रुग्णास अन्य तज्ज्ञाकडे पाठविताना 'ऑन आयुर्वेदिक मेडिसिन्स' एवढाच उल्लेख पुरेसा नाही. समजा, रुग्ण मूत्रल औषधे घेत आहे आणि आपल्या योगात ज्येष्ठमध आहे. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटू शकते व रक्तदाब वाढू शकतो. 'यष्टिमधु' हा शब्द त्या तज्ज्ञास अपरिचित असेल, परंतु 'ग्लिसिरायझा ग्लाब्रा' हे नाव वाचताच तो सावध होईल. म्हणून घटकद्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव, ग्रॅममधील मात्रा, प्रारंभाची तारीख आणि आपला नेमका प्रश्न या चार गोष्टी प्रत्येक पत्रात असाव्यात. वाक्ये आखूड ठेवावीत, एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी.

दूरध्वनी व पत्रव्यवहार

औषधालयाच्या मालकांना मागणी नोंदविताना 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील घोटाळा परिचित आहे. 'वन फाइव्ह' असे अंक सुटे उच्चारावेत आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यावेत. आपल्याकडे रूढ असलेले काही प्रयोग परदेशी वाचकास वेगळेच भासतात. 'आय हॅव अ डाउट' याने शंका नव्हे, तर अविश्वास सूचित होऊ शकतो. तेथे 'क्वेश्चन' म्हणावे. 'लूज मोशन्स' ऐवजी 'डायरिया' लिहावे. 'परवा' या मराठी शब्दाचे दोन अर्थ आपण संदर्भाने ओळखतो, इंग्रजीत मात्र थेट तारीखच द्यावी.

'क्युअर' हा शब्द तर विशेष जपून वापरावा. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह व कर्करोग यांसारखे विकार आहेत. अशा विकारांच्या बाबतीत पत्रकातील एक शब्दही निर्मात्यास अडचणीत आणू शकतो.

अभ्यास

नित्य लागणारी दहा वाक्ये वहीत लिहून रोज मोठ्याने वाचावीत. पत्र पाठविण्यापूर्वी एखाद्या सहकाऱ्यास वाचावयास द्यावे आणि त्यास काय समजले ते विचारावे. उच्चारात मराठी छटा राहिली तरी त्यात न्यूनत्व नाही. औषधाचे नाव, मात्रा आणि काल मात्र अचूक पोहोचले पाहिजेत, कारण त्यावर रुग्णाचे हित अवलंबून आहे.