अहाते गेले, पेला महागला

ग्वाल्हेरकडील कलारीचा अहाता म्हणजे काही प्रतिष्ठितांची बैठक नव्हे. दुकानात बाटली घ्यावयाची आणि शेजारच्या बाकावर बसावयाचे. वर खर्च काय तो पाण्याचा अन् चण्यांचा. हमाल आणि कारकून एकाच बाकावर. (कारकून जरा तोंड चुकवून, एवढेच!)

उमा भारतींनी याविरुद्ध आवाज उठविला आणि १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातील सारे अहाते बंद झाले. हुकूम राबविणाऱ्या अबकारी खात्याचे मुख्यालय आमच्याच मोतीमहालात! स्त्रियांची तक्रार खरीच होती. तिन्हीसांजेला त्या रस्त्याने जाणे त्यांना नकोसे होई.

परंतु दुकाने राहिली, बसावयाची जागा तेवढी गेली. परवान्याच्या बारमध्ये पेल्यागणिक हिशेब, तोही दुकानापेक्षा चढा. तेवढे पैसे खिशात नसलेला हमाल आता बाटली घेऊन घरी जातो. तेथे त्याची बायकामुले असतात.